कान्हेरीला सायकलने

कान्हेरी लेणीला आपण नेहमी गाडीने जातो. एखाद्या रविवारी सकाळी सायकलने जा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गेटपासून साधारण ६ किलोमीटर डांबरी रस्ता, दोन्हीकडे झाडी. शेवटचा चढ दमवतो. बोलता येईना इतकी धाप लागली तर उतरून सायकल ढकलत न्या, त्यात लाज कसली!

साखरेची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं, उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. पाणी घरचंच, भिक्खूंनी कोरलेल्या पोढ्या पाहायच्या, त्यातलं प्यायचं नाही. वर तिसऱ्या लेणीच्या चैत्यगृहात घाम वाळेपर्यंत शांत बसा.

खरा धोका परतीच्या उताराला. सायकल भाड्याची असो की घरची, दोन्ही ब्रेक आधी तपासा. पोरांना डबलसीट नको. बिबट्यांचं जंगल आहे, ऊन कलण्याआधी बाहेर पडा. सोमवारी उद्यान बंद असतं.