कवडीच्या मुलखातील नौकाविहार



शिडाच्या नावेतून उष्ण कटिबंधातील बेटे हिंडावीत, पाण्यात तोंड बुडवून मासे न्याहाळावेत आणि संध्याकाळी पुळणीवर फेरफटका मारावा, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने कशासाठी निवडावा, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. विश्रांती हा मजुरीइतकाच आमच्या चळवळीचा विषय आहे. १९३६ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने भरपगारी वार्षिक रजेचा पहिला करार केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळवून दिली. रजा मिळाली की जग पाहण्याची इच्छा होणारच, आणि ती व्हावीही. परंतु जग पाहावयाचे तर ते समजून पाहावे. शिवाय सहलीच्या नावेवर एकाची रजा असते तेव्हा दुसऱ्याची पाळी असते, हेही ध्यानात असावे. या दोन्ही अंगांनी मी आज मालदीव बेटांविषयी बोलणार आहे.

आपल्या लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटाच्या दक्षिणेस, आठ अंशांची सामुद्रधुनी ओलांडली की मालदीवची माळ सुरू होते आणि विषुववृत्ताच्या पलीकडे जाऊन संपते. उत्तर-दक्षिण लांबी ८५० किलोमीटरहून अधिक, बेटे सुमारे १,१९०. पण सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी ती ३०० चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मुंबई शहर व उपनगरे मिळून जेवढी जागा, तिच्या जेमतेम निम्मी. वस्ती असलेली बेटे २०० च्या आतबाहेर. नैसर्गिक जमिनीची अधिकात अधिक उंची अडीच मीटरांच्याही आतच. आमच्या चाळीतल्या पहिल्या मजल्याची गॅलरी यापेक्षा उंच असे!

या लोकांची दिवेही भाषा आपल्याला अगदी परकी नाही. ती सिंहलीची बहीण, म्हणजे मराठीच्याच मोठ्या कुळातली. एकेह, देह, तिनेह, हतरेह, फहेह असे तिथला मनुष्य मोजू लागला की आपण मनातल्या मनात एक, दोन, तीन म्हणून जातो. त्यांच्या नावेला ते धोनी म्हणतात. आपल्याकडच्या डोणीशी हा शब्द ताडून पाहावा. मिनिकॉयमध्येही हीच भाषा बोलतात, आणि तेथील पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून नाव कमावले आहे.

आपला आणखी एक धागा कवडीचा आहे. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्द आपण रोज वापरतो. भवानीच्या गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. नाणे म्हणून चाललेली ती लहान पिवळट कवडी शेकडो वर्षे मुख्यत्वे मालदीवच्या उथळ पाण्यातून येत असे. इब्न बतूता १३४३ साली तेथे गेला व काही काळ काझी म्हणून राहिला. कवड्या किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत पुरून आतला जीव कुजवितात, मग त्या बंगालात पाठवून तांदूळ आणतात, असे त्याने नोंदविले आहे. पुढे युरोपी व्यापाऱ्यांनी याच कवड्या जहाजांच्या तळाशी भरून युरोपमार्गे पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या मोजून माणसे विकत घेतली. खाजणातल्या बायकांनी वेचलेली कवडी गुलामाच्या बाजारात कशी पोहोचली, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ठळक अक्षरांत छापले पाहिजे.

आता ही बेटे बनली कशी ते पाहू. आपण जिला कंकणाकृती प्रवाळद्वीप म्हणतो, तिचे इंग्रजी नावच मुळी दिवेही भाषेतल्या ‘अतोळु’ या शब्दावरून पडले आहे. भोवती प्रवाळाच्या भिंतीचे कडे, मध्ये शांत खाजण, आणि कड्यावर ठिकठिकाणी वाळूची बेटे, अशी ही रचना. चार्ल्स डार्विनने १८४२ साली पुस्तक लिहून अशी उपपत्ती मांडली की, प्रथम एक ज्वालामुखी बेट असते, त्याच्या कडेने प्रवाळ वाढतो. बेट हळूहळू खचते आणि प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर बांधीत राहतो. अखेर बेट बुडते, कडे उरते. ही उपपत्ती बरोबर की चूक यावर शतकभर वाद चालला. १९५२ साली पॅसिफिकमधील एनिवेटॉक येथे हजार मीटरांहून खोल भोक पाडले, तेव्हा चुनखडीच्या खाली ज्वालामुखीचा काळा खडक लागला आणि डार्विनचे पारडे जड ठरले.

हे बांधकाम करणारा गवंडी म्हणजे काही मिलिमीटरांचा एक प्राणी. त्याच्या अंगात एकपेशीय शैवल राहते. शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते व त्यातले पुष्कळसे घरमालकाला देते. प्रवाळ त्याला आसरा देतो. रंगही बव्हंशी या भाडेकरूचाच. म्हणून प्रवाळ उथळ, स्वच्छ व उबदार पाण्यात फोफावतो. परंतु नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तपमानाहून एखादा अंश अधिक ऊब काही आठवडे टिकली, तर ही भागीदारी मोडते. शैवल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढराफटक होतो. तो त्या क्षणी मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर सावरतो, नाही तर मरतो. मालदीवात १९९८ साली उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळ असा मेला. पुढील वर्षांत तो बराच भरून आला, तोच २०१६ साली दुसरा मोठा तडाखा बसला. २०२४ साली पुन्हा जगभर हीच आपत्ती आली. दोन तडाख्यांमधले अंतर कमी होत चालले, ही खरी काळजीची बाब.

वाळूचेही तसेच. कोकणची वाळू नद्या डोंगरातून आणतात; मालदीवात नदी नाही. तेथील वाळू जीवांनीच केलेली. पोपटमासा म्हणून एक रंगीत मासा आहे. तो चोचीसारख्या दातांनी खडकावरचे शैवल खरवडतो, त्याबरोबर चुनखडी गिळतो, दळतो आणि वाळू करून मागे टाकतो. पुळणीवरच्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा आहे. तेव्हा पोपटमासा ताटात घेणे म्हणजे बेटाचा कारागीर खाणे होय.

नावेवरचा दिनक्रम आता सांगतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांचे महिने, विशेषतः जानेवारी ते मार्च, कोरडे व शांत असतात. नैऋत्य मोसमात पाऊस व लाटा. प्रवाळांच्या मुलखात नाव हाकणारा सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच निघतो, कारण पाण्याचा रंग हाच त्याचा नकाशा. गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवे म्हणजे वाळूवरचे उथळ, तपकिरी म्हणजे प्रवाळ. ऊन तिरपे झाले की हे वाचता येत नाही, म्हणून दुपार कलण्याआधीच मुक्काम गाठावयाचा. नांगर वाळूतच टाकावयाचा. प्रवाळावर पडलेला नांगर व त्याची साखळी दशकांची वाढ एका रात्रीत चिरडते.

स्नॉर्कल म्हणजे काचेचा मुखवटा आणि तोंडात धरावयाची वाकडी नळी. हे साधन बाटलीबंद हवेच्या पाणबुडीपेक्षा स्वस्त व सोपे. पण सोपे म्हणजे निर्धोक नव्हे. कड्याला जेथे खिंड असते तेथून भरती-ओहोटीचे पाणी जोराने आत-बाहेर करते. तेथे नवख्याने उतरू नये. एकट्याने जाऊ नये. पाठ उघडी ठेवू नये, सदरा घालावा, कारण पोटावर तरंगणाऱ्याची पाठच प्रथम भाजते. प्रवाळावर उभे राहू नये. बा कंकणद्वीपातील हनिफारू उपसागरात नैऋत्य मोसमात प्लवकांचे ढग जमतात आणि ते गिळण्यासाठी मांटा जातीचे प्रचंड पाकट मासे येतात. तेथे पाणबुड्यांना बंदी आहे. केवळ स्नॉर्कल लावून, नियम पाळून पाहता येते. हा भाग २०११ सालापासून युनेस्कोचे जीवावरण क्षेत्र आहे.

पुळणीवर फिरताना एक गोष्ट पाहावी. मोसम बदलला की वाळू बेटाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते. सहा महिन्यांपूर्वी जेथे रुंद पुळण होती तेथे आज पाणी असते. बेट जणू कूस बदलते. या हालचालीच्या आड सिमेंटची भिंत घातली की एके ठिकाणी वाळू साचते व दुसरीकडे किनारा तुटतो. रिकामा शंख दिसला तरी उचलू नये. तो एखाद्या खेकड्याचे उद्याचे घर असतो. आणि घरांच्या टंचाईविषयी मुंबईकरांना मी काय सांगावे?

आता दुसऱ्या अंगाकडे वळतो. मालदीवात पर्यटनाचा धंदा १९७२ साली सुरू झाला. एक बेट, एक हॉटेल, अशी पद्धत पडली. गावकऱ्यांच्या बेटांवर पाहुण्यांची लहान घरे २००९ च्या सुमारास निघू लागली. २०२४ साली वीस लाखांहून अधिक पाहुणे आले. २०२२ च्या शिरगणतीत एकंदर रहिवासी सुमारे ५,१५,०००, आणि त्यांपैकी १,३२,००० च्या आसपास परदेशी होते. दर चार माणसांत एक परका, आणि तो बहुधा कामासाठी आलेला. पाहुण्यांचा केर कोठे जातो? १९९२ पासून माले शहराजवळचे थिलाफुशी बेट कचऱ्यानेच भरून काढण्यात आले. गोड पाणी कोठून येते? मालेत ते समुद्राचे खारे पाणी गाळून येते. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील यंत्रघरास आग लागली, तेव्हा भारताला विमानांनी व जहाजांनी पिण्याचे पाणी पोहोचवावे लागले. नावेवर न्हाणीघराची तोटी उघडताना हे आठवावे.

सहलीच्या नावेवर सारंग, भंडारी, खलाशी व पाण्यात वाट दाखविणारा अशी माणसे असतात. पाहुणा जागा होण्यापूर्वी चूल पेटते, तो झोपल्यावर नांगराची राखण चालते. २००६ सालचा सागरी कामगार करार २०१३ मध्ये अमलात आला. त्याप्रमाणे खलाशाला कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळावी, असा दंडक आहे. परंतु आडोशाच्या पाण्यातच फिरणारी जहाजे आणि पारंपरिक बांधणीची गलबते यांना हा करार लागू नाही. सरोवरासारख्या खाजणात फिरणारी लहान नाव या फटीतून सहज निसटू शकते. मोठ्या जहाजावरचा खलाशी संघटना करतो, बंदरात उतरून तक्रार नोंदवितो. सहा जणांच्या नावेवरचा भंडारी कोणाकडे जाणार? त्याचे बंदर रोज बदलते, आणि धनी त्याच्याच शेजारी झोपतो.

म्हणून जाणाऱ्याने भाडे ठरवितानाच विचारावे: माणसे किती, झोपण्याची जागा कोठे, रात्रीचा पहारा कोण करतो व दुसऱ्या दिवशी त्याला सुटी कधी? हा आगाऊपणा नव्हे. थकलेल्या तांडेलाला पाण्याचा रंग नीट वाचता येत नाही, तेव्हा या प्रश्नात आपल्याही जिवाचा संबंध आहेच.

मालदीवला जाणे सर्वांच्या खिशाला परवडणार नाही हे मी जाणतो. ज्यांना परवडत नाही त्यांनी मालवणला जावे. सिंधुदुर्गाच्या तटाशी, १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या पाण्यातही प्रवाळ आहे, मासे आहेत, आणि स्नॉर्कल लावून ते दाखविणारे तेथलेच तरुण आहेत. पाणी मालदीवइतके निवळ नाही, पण प्रवाळ तोच आणि त्याचे दुखणेही तेच. तेथल्या होडीवाल्यालाही वरचे प्रश्न विचारावेत. उत्तर मराठीतच मिळेल.