दोन एमबीचं कुंपण

दिवाळीच्या सुट्टीत मी फुलसावंगीला घरी होते. कॉलेजच्या अंकाची पीडीएफ रात्री बाराच्या आत वेबसाइटवर टाकायची होती. फाइल सहा एमबीची, पण अपलोड होईचना! नेटला शिव्या घालून झाल्या आणि अडसर निघाला पीएचपीचा. त्यात अपलोडची मूळ मर्यादाच दोन एमबी!

शेअर्ड सर्व्हर म्हणजे हॉस्टेल. एकाच मशीनवर अनेक साइट्स, आणि मुख्य ‘पीएचपी.आयएनआय’ फाइल रेक्टरच्या कपाटात. कोडमधून ‘आयएनआय_सेट’ करून पाहिलं, उपयोग शून्य. कोड सुरू होण्याआधीच फाइल नाकारलेली असते ना! मग ‘.एचटीअ‍ॅक्सेस’मध्ये ओळ टाकली, तर अख्खी साइटच बंद, एरर ५००! ती ओळ चालते पीएचपी अपाचेचं मॉड्यूल असेल तिथेच. ओळ काढली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

खरी चावी होती ‘.यूजर.आयएनआय’. सीजीआय किंवा फास्टसीजीआयवर पीएचपी ५.३ पासून (२००९) ही सोय आहे. साइटच्या फोल्डरमध्ये ही फाइल ठेवून अपलोड ८ एमबी केलं आणि पोस्टची मर्यादा त्याहून जास्त, १० एमबी. तरी बदल दिसेना! सर्व्हर ही फाइल साधारण पाच मिनिटांनी पुन्हा वाचतो, म्हणून तेवढं थांबायचं.

साडेअकराला अंक चढला. तुम्ही मात्र आधी ‘पीएचपीइन्फो’ बघा, मगच हात घाला. काही सेटिंग्ज फक्त सर्व्हरवालाच बदलू शकतो. तिथे सरळ त्याला विचारा.