दाबला की सोनेरी होणारा काळा स्फटिक

मागच्या पावसाळ्यात आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो. धरणाकडे बघत मित्राने विचारलं, "खाली तळाशी पाण्याचा दाब किती असेल रे?" भिंत साधारण 82 मीटर. दर 10 मीटर पाण्याला हवेच्या दाबाएवढी भर पडते, म्हणजे धरण काठोकाठ भरलं तरी पाण्याचा दाब हवेच्या 8 पट. आता 8 च्या जागी 6,500 घ्या. आजची गोष्ट तिथली आहे.

सॅमेरियम सल्फाइड हा एक काळा स्फटिक. सॅमेरियम म्हणजे रेअर अर्थ धातूंपैकी एक. 1970 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ए. जयरामन आणि सहकाऱ्यांनी तो दाबून बघितला. साधारण 6,500 पट दाबाला तो एकदम आकसला आणि चक्क सोनेरी झाला! (खरं सोनं नाही हां, सराफाकडे पळू नका.) अणूंची मांडणी तीच राहिली, मिठाच्या खड्यात असते तशी. नुसता पृष्ठभाग घासून पॉलिश केला तरी वरचा थर सोनेरी होतो.

मग बदललं काय? रेअर अर्थ अणूंत 4एफ नावाचे इलेक्ट्रॉन असतात. एकदम घरकोंबडे. अणूच्या आतल्या बाजूला बसलेले, शेजारच्या अणूशी फारसं देणंघेणं नाही. पण यातला एक बाहेर पडला की उरलेला अणू लहान होतो. दाबाला तेच तर हवं असतं, कमी जागा! म्हणून तो इलेक्ट्रॉन घराबाहेर पडतो आणि अख्ख्या स्फटिकात हिंडायला लागतो. असे मोकळे इलेक्ट्रॉन आले की धातूची चमक आली.

माझी खरी विकेट पुढे पडली. अकरावीत मी व्हॅलन्सी पाठ केली होती, 2 नाहीतर 3. इथे सॅमेरियमची व्हॅलन्सी दोन्हींच्या मधेच येते. काही अणू 2 चे, काही 3 चे असंही नाही. प्रत्येक अणू दोन्हीकडे थोडा थोडा.

असंच एक संयुग आपल्या मुंबईत सापडलं, कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये. ई. व्ही. संपतकुमारन, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये युरोपियम, पॅलॅडियम आणि सिलिकॉनच्या संयुगावर काम प्रसिद्ध केलं. त्याला तर दाबावंही लागत नाही. थंड करत उणे 120 अंश सेल्सिअसच्या आसपास नेलं की युरोपियम 2 कडून 3 कडे सरकतो. आणि वरून दाब दिला, तर एवढी थंडीही लागत नाही.