गोडं पाणी, खारं पाणी आणि मोत्याचं पाणी

दिवाळीच्या आधीचा शनिवार. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पेढीत पांढऱ्या कापडावर दोन सर शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्ही पांढरे, दोन्हींतला मोती सात मिलिमीटरच्या आसपास, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट. डिसेंबरात लग्न असलेली मुलगी आळीपाळीने दोन्ही गळ्याशी धरून आरशात बघते. आई मात्र थेट मुद्द्यावर येते.

"यातले खरे कुठले?"

"दोन्ही खरे आहेत, काकू. हे गोड्या पाण्यातले, हे समुद्रातले."

"मग कल्चर कुठले?"

"दोन्ही."

काकूंचा चेहरा उतरतो. ‘कल्चर’ म्हणजे खोटा, हा समज मराठी घरांत पक्का बसलेला आहे. वास्तविक कल्चर मोती म्हणजे शेतीतला मोती. तो शिंपल्यातच, जिवंत प्राण्याच्या अंगातच तयार होतो. फक्त सुरुवात माणूस करून देतो. खोटा मोती तो, जो काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्यावर चमकदार लेप चढवून कारखान्यात बनतो.

स्वाती नक्षत्रात शिंपल्यात पावसाचा थेंब पडला की त्याचा मोती होतो, ही आपल्याकडची जुनी कल्पना. सूर्य स्वातीत येतो ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे साधारण दिवाळीच्या तोंडावर. (अभ्यंगस्नानाच्या साबणाचं नावही मोतीच, पण तो योगायोग.) प्रत्यक्षात एखादा परजीवी आत शिरला किंवा शिंपल्यातल्या प्राण्याच्या नाजूक पडद्याला इजा झाली, की तो प्राणी शिंपल्याला आतून जे चमकतं अस्तर असतं, त्याचेच थर त्या जागी चढवत जातो. असं आपोआप घडणं फार दुर्मीळ. म्हणून नैसर्गिक मोती राजेरजवाड्यांकडे.

आजीच्या नथीतला ‘बसरा’ मोती तो हाच. बसऱ्यात मोती निघत नव्हते. ते निघत इराणच्या आखातात, विशेषतः बहारीनच्या आसपास. बसरा हे व्यापाराचं बंदर, त्याचं नाव मालाला चिकटलं. आखातातला माल मोठ्या प्रमाणावर मुंबईला यायचा. इथे तो निवडला जाई, त्याला वेज पाडलं जाई आणि मग तो पुढे युरोपात जाई. जुने मोतीवाले ‘चव’ हे माप वापरत. त्यात मोत्याचं वजन दुप्पट झालं तर चव चौपट होते, कारण मोठा मोती विरळा. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी 1865च्या सुमारास अशा लाखो बारीक मोत्यांचा गालिचा करून घेतला. तो 2009 साली दोह्यातल्या लिलावात सुमारे 55 लाख डॉलरला गेला. त्याआधी 2007 साली बडोद्याच्याच प्रसिद्ध सातपदरी हारातल्या 68 मोत्यांचा दोनपदरी हार न्यूयॉर्कमध्ये 70 लाख डॉलरच्या वर विकला गेला होता.

हा बाजार बसला तो जपानमुळे. कोकिची मिकिमोतो यांनी 1893 साली तोबा गावाजवळ शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखवला. पूर्ण गोल मोत्याचं तंत्र पुढे इतर जपानी संशोधकांच्याही हातून घडलं, पण नाव गाजलं मिकिमोतोंचं. 1920च्या दशकात हे मोती जगभर पोचले, मग मंदी आली, 1932 साली बहारीनला तेल लागलं आणि पाणबुड्यांनी दुसरं काम धरलं. आज पेढीवर नवा म्हणून जो मोती मिळतो, तो जवळजवळ नेहमी कल्चरच.

आता त्या दोन सरांकडे.

समुद्रातल्या शिंपल्यात मोती पिकवताना त्याच्या पोटात एक गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा छोटा तुकडा ठेवतात. शिंपला त्या मण्यावर थर चढवतो. आकोया या जपानी जातीत तो थर पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. बाकी आत सगळा मणी. गंमत म्हणजे हा मणी परंपरेने बनतो अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या शिंपल्यांपासून. खाऱ्या पाण्यातल्या महागड्या मोत्याचा गाभा गोड्या पाण्यातला!

गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोत्यांत मणी नसतोच. फक्त पडद्याचे तुकडे रोवतात. त्यामुळे मोती जवळजवळ आरपार थरांचाच बनतो, म्हणजे त्या अर्थाने नैसर्गिक मोत्याला तोच जास्त जवळचा. मग स्वस्त का? कारण आकोया शिंपला एक-दोन मोती देतो, तर तळ्यातला एकच मोठा शिंपला डझनांनी. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या झूजी भागात हे पीक एवढं निघतं, की जगातला गोड्या पाण्यातला बहुतेक मोती चिनीच असतो. ‘हैदराबादी मोती’ म्हणून जे मिळतात, तेही मुख्यतः तिथलेच. हैदराबादला ना समुद्र ना मोत्याची तळी. तिथलं कसब वेज पाडण्याचं आणि व्यापाराचं.

आत गोल साचा नसल्याने हा मोती हवा तसा वाढतो: लांबट, चपटा, बटणासारखा. 1980च्या सुमारास चीनहून तांदळाच्या दाण्यासारखे सुरकुतलेले मोती आले आणि गोड्या पाण्याचं नाव जे खराब झालं, ते अजून पुरतं सुधारलेलं नाही. आता तिथूनच गोलसर, नितळ मोती येतात. मणी घालून वाढवलेले मोठेही येतात. पांढऱ्याखेरीज फिकट गुलाबी आणि जांभळट रंग त्यांना उपजतच असतात. काळा मात्र नाही. गोड्या पाण्यातला काळा मोती म्हणजे रंगवलेला. वेजाशी भिंगातून पाहिलं तर तिथे रंग साचलेला दिसतो. उपजत काळपट मोती ताहितीच्या बाजूचा, समुद्रातला.

मग जास्तीचे पैसे कशाचे? एकसारख्या गोलाईचे, आणि मुख्य म्हणजे पाण्याचे. मोत्याची चमक म्हणजे त्याचं पाणी, हा शब्द आपल्या भाषेने फार नेमका धरलाय. चांगल्या आकोयात वरच्या ट्यूबलाइटची रेघ धारदार उमटते. साधारण मोत्यात ती दुधात बुडाल्यासारखी पसरते. पण घाईने लवकर काढलेल्या आकोयाचा थर पातळ राहतो. सर कापडावर हळूच फिरवला की आतला मणी कुठे चमकतो, कुठे विझतो. अशा आकोयापेक्षा पाणीदार, दाट थराचा गोड्या पाण्यातला मोती केव्हाही सरस, आणि वर्षानुवर्षं वापरायला निर्धास्त.

दाताला घासून पाहण्याची युक्ती उपयोगी आहे, पण अर्धीच. खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. नैसर्गिक की कल्चर हे दाताला कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतला एक्स-रे लागतो. कोणी नवा सर ‘बसरा’ म्हणून पुढे केला तर तसं प्रमाणपत्र मागावं. आणि घरातला जुना बसरा मोडीत घालण्याआधी त्याचीही तपासणी करून घ्यावी.

चिंचपेटी, तन्मणीचे पदर, बुगडी यांत बारीक मोती घोसाने लागतात. तिथे गोड्या पाण्यातले निवडून घेतले तर जास्त पैसे ओतण्यात अर्थ नाही. एकपदरी गोल सर हवा असेल तर आकोया शोभतो. अंगठीत एकच टपोरा मोती बसवायचा, तर ऑस्ट्रेलिया किंवा इंडोनेशियाकडचा ‘साऊथ सी’ मोठा मिळतो. खिसाही तेवढाच मोठा लागतो.

पेढीवरच्या मुलीनेही असंच काहीसं ठरवलं. तन्मणी गोड्या पाण्यातल्या मोत्यांचा, आणि वाचलेल्या पैशांत आकोयाच्या कुड्या. विक्रेत्याने तन्मणी प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला, तोच काकूंनी हात पुढे केला. मोत्याला हवा लागते, कोंदटलं की तो सुकतो, हे त्या सासूकडून शिकलेल्या. अत्तर आधी, मोती नंतर, हेही. त्यांनी पर्समधून मलमलचा तुकडा काढला आणि तन्मणी त्यात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "हा रेशमात गाठवलाय ना? दोन वर्षांनी पुन्हा गाठवायला कोणाकडे द्यायचा?"