जुन्या स्पोर्ट्स कारचे दिवे: वॅट वाढवण्याआधी

आजचा विषय शौकिनांचा वाटेल, पण ज्यांच्याकडे साधी कार किंवा बुलेट आहे त्यांनीही थांबावं. जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे दिवे रात्री कमी पडतात, ते कसे सुधारायचे? बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला एकच मिळतो: जास्त वॅटचा बल्ब टाका. आज आपण पाहणार आहोत की हे काम सर्वांत शेवटी का पाहायचं, आणि बहुधा करायचंच का नाही.

आधी थोडं गणित करू. ताशी ८० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर गेले. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले तरी पुढे आणखी ४० मीटर लागतात. एकूण ७३. आता डिपरवर गाडी चालवताना गडद कपड्यांतला पादचारी किंवा मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुष्कळदा ५०-६० मीटरवर आल्यावरच ओळखू येते. म्हणजे १५-२० मीटरची तूट आहे. दिवे सुधारायचे ते ही तूट भरून काढायला, गाडी दिसायला झकास व्हावी म्हणून नव्हे.

स्पोर्ट्स कारची अडचण तिच्या बुटकेपणात आहे. डिपरचा झोत साधारण एक टक्का खाली झुकलेला असतो, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर झोताची वरची कड ९० मीटरवर रस्त्याला टेकते. तोच दिवा ६० सेंटिमीटरवर असेल, तर ६० मीटरवरच टेकते. त्यात आपले डोळेही खाली, त्यामुळे समोरून येणाऱ्या उंच गाडीचा झोत थेट डोळ्यांत.

आपण एक खरी गाडी उदाहरणाला घेऊ: १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५. तिच्या पहिल्या पिढीचे दिवे, म्हणजे १९९७ पर्यंतचे, बॉनेटमधून वर उघडणारे होते. बॉनेट बुटकं ठेवूनही दिवा पुरेशा उंचीवर आणायचा, हा त्यातला एक हेतू. आत ७ इंची गोल दिवा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांना सीलबंद दिवे होते, म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि तार सगळं एकाच डब्यात. तार तुटली की सगळा दिवा बदला. ७ इंची गोल दिवा हे माप आपल्या ॲम्बेसेडरला, थारला, बुलेटलाही ओळखीचं आहे. त्यामुळे पुढची पद्धत यांतल्या बहुतेक गाड्यांना लागू पडते.

पहिलं काम वायरिंगचं. मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, दिवे चालू. आधी बॅटरीवर व्होल्ट मोजा, मग बल्बच्या होल्डरवर. जुन्या गाड्यांत दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्ड किंवा स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, बारीक वायरमधून आणि गंजलेल्या अर्थिंगमधून फिरून येतो. वाटेत एक-सव्वा व्होल्ट सहज गळतो. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्के घटलं, तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. बल्ब न बदलता हा उजेड परत मिळवता येतो. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर आणायची, डिपर आणि अप्परसाठी वेगळा रिले बसवायचा, अर्थिंग घासून घट्ट करायचं. जुना स्विच आता फक्त रिले चालवतो, त्यामुळे तोही वाचतो.

दुसरं काम दिव्याच्या डब्याचं. सीलबंद दिवा असेल तर त्याच मापाचा, बल्ब बदलता येणारा एच-४ दिवा बसवा. इथे एक गोष्ट नीट तपासा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डिपरचा झोत डाव्या कडेला थोडा वर चढलेला हवा. अमेरिका-युरोपसाठी बनलेला दिवा उजवीकडे चढतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. युरोपीय मानकाचा, फक्त डावीकडच्या वाहतुकीसाठी बनलेला दिवा ओळखायला सोपा: दिव्यासमोर उभं राहिलं की काचेवर आपल्या उजवीकडे रोखलेला बाण दिसतो.

तिसरं काम बल्बचं. एच-४ चा प्रमाणित बल्ब ६०/५५ वॅटचा. १००/९० वॅटचा टाकला तर होल्डर वितळू शकतो, रिफ्लेक्टरची चकाकी जळू शकते, आणि मग उजेड पूर्वीपेक्षाही कमी होऊ शकतो. एलईडी बल्बची गोष्ट वेगळी. हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळेच झोताला वरची स्वच्छ कड मिळते. एलईडीचा ठिपका त्या तारेच्या नेमक्या जागी नसला, की कड विस्कटते. जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, आपल्याला वाटतं काम झालं. पण दूरचं दिसत नाही आणि समोरचा मात्र आंधळा होतो. आणि आंधळा झालेला चालक आपल्याच दिशेने येत असतो, हे विसरू नका. डोळे दिपवणारे दिवे केंद्रीय मोटार वाहन नियमांनाही मान्य नाहीत. एलईडीच हवा असेल, तर एलईडीसाठीच बनवलेला, प्रमाणित असा पूर्ण दिवा घ्या.

चौथं काम बिनखर्चाचं, आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं: दिवे जुळवणं. टायरमध्ये योग्य हवा, सपाट जागा, चालकाच्या आसनावर माणूस. गाडी भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने घ्या. डिपरची आडवी कड त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी. स्क्रू फिरवून दोन्ही दिवे तसे लावा. स्प्रिंग बदलून गाडी आणखी बुटकी केली असेल, तर हे पुन्हा करावंच लागतं.

सैन्यात रात्रीच्या कॉन्व्हॉयमध्ये आम्ही झाकलेल्या, जेमतेम दिव्यांवर गाड्या नेल्या आहेत. तिथे नियम साधा होता: जेवढं दिसतं, तेवढाच वेग. तो इथेही लागू आहे. ताशी ६० वर वरचंच गणित केलं, तर थांबायला सुमारे ४८ मीटर लागतात, म्हणजे डिपरच्या टप्प्यात. रस्ता मोकळा असेल तेव्हा अप्पर जरूर वापरा, समोर गाडी दिसताच डिपर द्या. विंडस्क्रीन आतूनही पुसा. आणि माझ्या वयाच्या मंडळींनी मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. डोळ्याची काच धुरकट असेल, तर दिव्याची काच बदलून उपयोग नाही.

तेव्हा या रविवारी बल्बच्या दुकानात जाण्याआधी मल्टिमीटर आणि मोजपट्टी बाहेर काढा. होल्डरवर किती व्होल्ट मिळाले, ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.