शेजारशेजारची दोन पातेली

भाऊबीज उलटली की आमच्या घरात दरवर्षी एक बिकट प्रसंग उभा राहतो. चिवड्याचा डबा तळाला गेलेला असतो, लाडवांकडे कोणी ढुंकून पाहत नाही आणि ज्याच्या त्याच्या जिभेला काहीतरी गरम, पातळ, मिठामिरचीचे हवे असते. गेल्या दिवाळीत हा प्रसंग आमच्या दहावीतल्या कन्येने आणला. मोबाईलवरचे एक चित्र माझ्या नाकासमोर धरून ती म्हणाली, "आई, उद्या हे कर. चिकन अँड डम्पलिंग सूप!"

चित्रात सायीसारखे दाट, पांढरे सूप होते. त्यात कोंबडीचे तुकडे आणि वर पिठाचे फुगीर गोळे. मी पडले मराठीची प्राध्यापिका. माझ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो कृतीचा नव्हे, शब्दाचा. डम्पलिंगला मराठीत काय म्हणावे? आठवू लागले, तो शब्दांची रांगच लागली. आमटीतले गोळे, कढीगोळे, मुटके, वरणात शिजणारी वरणफळे, सातारा-कोल्हापूरकडच्या चकोल्या आणि आमच्या सोलापूरकडची हुलग्याची शेंगुळी. उकळत्या रसात पीठ सोडून पोट भरण्याची युक्ती आपल्याला कोणी शिकवायला नको!

कन्येने आजीला विचारले, "आजी, तू खाणार ना?"

"मी माळकरी बाई. मला कशाला कोंबडीचं विचारतीस?" सासूबाई हसल्या.

मी म्हटले, "आई, तुमच्यासाठी शेंगुळी करते. म्हणजे दोन्हीकडे गोळेच होतील."

सासूबाईंचे हसू मावळले. "नको गं. वन्सं आल्यात तुझ्या, पोरं आल्यात पुण्याहून. पाहुण्यांत कुठं शेंगुळं करत्यात?"

माझ्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. तेवढ्या काळात पाहुण्यांसमोर शेंगुळी झाल्याचे मला आठवत नाही. एखाद्या दुपारी घरात आम्ही दोघीच असलो, तर त्या हौसेने करायच्या. पण वाढून घेताना वाटीत नुसता रस्सा घ्यायच्या. दात दुखत असतील, असे मी आपले समजत आले होते.

या खेपेला मात्र मी हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी शेगडीवर शेजारीशेजारी दोन पातेली चढली.

आधी सुपाचे सांगते. अर्धा किलो कोंबडी हाडांसकट घ्यावी, कारण रसाला चव येते ती हाडांमुळे. सहा वाट्या पाणी, एक कांदा, दोन गाजरे, तमालपत्र, दहाबारा मिरीदाणे आणि मीठ घालून मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावे. गावरान कोंबडी असेल तर वेळ बराच जास्त लागतो. परदेशी कृतीत सेलरी असते. मी कोथिंबिरीचे देठ घातले, काही बिघडले नाही. मग रस गाळून घ्यावा, मांस हाडांपासून सोडवावे. दुसऱ्या पातेल्यात दोन चमचे लोण्यावर दोन चमचे मैदा परतावा. रंग बदलू देऊ नये. त्यात गाळलेला रस थोडाथोडा ओतत ढवळत राहावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मांस आणि गाजरे परत त्यात घालावीत.

गोळ्यांसाठी एक वाटी मैदा, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक चमचा लोणी आणि भिजेल इतके दूध. हे पीठ मळायचे नाही, नुसते कालवायचे. मळले की मैद्याला चिवटपणा येतो आणि गोळे रबरासारखे होतात. उकळी मंद करून चमच्याने गोळे सोडावेत, घट्ट झाकण ठेवावे आणि पंधरा मिनिटे झाकण उघडू नये. गोळ्यांचा वरचा अर्धा भाग वाफेवरच शिजतो. वाफ गेली की ते बसतात. साय आणि दूध मिळून एक वाटी, तेही अगदी शेवटी, आच कमी करून घालावे. लिंबू घालण्याचा मोह टाळावा, नाहीतर दूध फाटते.

शेंगुळ्यांची तऱ्हा नेमकी उलटी. दोन वाट्या हुलग्याचे पीठ, अर्धी वाटी ज्वारीचे आणि अर्धी वाटी गव्हाचे. हुलग्यात चिकटपणा नाही, म्हणून गव्हाची मदत. त्यात लसूण-मिरचीचे वाटण, जिरे, मीठ आणि थोडे तेल घालून पीठ घट्ट मळावे. इथे मळण्यात कसूर चालत नाही. मग तळहातांवर बोटाएवढी वळी करून टोके जुळवायची. लसणाच्या फोडणीत पाणी ओतून ते खळखळा उकळले की एकेक शेंगुळे सोडायचे. सुरुवातीला डाव घालायचा नाही, नाहीतर मोडतात. वीसेक मिनिटांत शिजतात. शेवटी चमचाभर पीठ पाण्यात कालवून घातले की रस्सा दाटतो. सुपाला मैदा, रश्श्याला हुलगा, युक्ती एकच.

मी वळत होते, ते पाहून सासूबाईंना राहवेना. "एवढं जाड नको, मधी कच्चं ऱ्हातंय," म्हणत त्या येऊन बसल्या आणि भराभर वळू लागल्या. कन्या पाहतच राहिली. "आजी, तुला कोणी शिकवलं?"

"बहात्तरच्या दुष्काळानं."

सासूबाईंचे माहेर सांगोला तालुक्यात. १९७२ साली त्या तेरा वर्षांच्या होत्या. पाऊस गेला, पीक गेले आणि सारे घर दुष्काळी कामावर गेले. मोठी माणसे पाझर तलावाची माती उपसत आणि ही पोर आईबरोबर खडी फोडी. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. कमी पाण्यात येणारा हुलगा घरात थोडा शिल्लक होता. त्याची शेंगुळी व्हायची.

"आई मोजून वाढायची," हात न थांबवता त्या सांगत होत्या. "पोरांना पाच पाच, बापाला सात. आईच्या ताटलीत नुसता रस्सा. म्हणायची, मला रस्साच आवडतो. आम्हाला ते खरंच वाटायचं."

स्वयंपाकघरात कोणी काही बोलले नाही. इतकी वर्षे मी ज्याला दातदुखी समजत होते, ते हे होते.

नंतर मी त्या परदेशी सुपाची थोडी चौकशी केली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ते घरोघर होते. तिथली माणसे आजही त्याचा संबंध १९२९ नंतरच्या महामंदीशी जोडतात. एका कोंबडीवर मोठे कुटुंब जेवायचे, तर पिठाच्या गोळ्यांचाच आधार. म्हणजे मोबाईलवर इतके देखणे दिसणारे ते सूपही मुळात पुरवठ्याचेच अन्न! त्याची तिकडे कोणाला लाज वाटत नाही. आमच्या घरात मात्र शेंगुळी एकोणीस वर्षे पाहुण्यांपासून लपून राहिली.

त्या रात्री दोन्ही पातेली पंगतीत आली. सूप मुलांनी संपवले, ते चांगलेच झाले होते. पण वन्सं शेंगुळ्यांवर तुटून पडल्या. "आई, लहानपणी तू आम्हाला करून द्यायचीस! पाहुण्यांत का गं कधी केली नाहीस?" सासूबाईंनी उत्तर दिले नाही. सवयीने त्यांनी स्वतःच्या वाटीत दोन डाव रस्सा घेतला.

कन्या उठली. डाव घेऊन तिने आजीच्या वाटीत शेंगुळी वाढली, मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन, चार, पाच. मग थांबून आणखी दोन.

"पुरे गं, पुरे," आजी म्हणाल्या. पण वाटीवर हात काही ठेवला नाही.

आता आमच्याकडे पाहुण्यांना शेंगुळी मिळतात. वर कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. सासूबाई अजूनही आधी नुसता रस्साच घेतात. म्हणून कन्या डाव घेऊन त्यांच्या शेजारीच बसते.