उठल्यावर अंधारी का येते?

लावणी करताना बराच वेळ वाकून आपण एकदम उभ्या राहिलो की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण सावरतो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री लघवीला उठताना असं झालं, तर पडून खुबा मोडू शकतो. म्हणून आज हे समजून घेऊ.

उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. रक्तदाब कमी होऊ लागतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणाऱ्या नसा असतात. त्या लगेच मेंदूला कळवतात. मग हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब सावरतो. हे सगळं काही सेकंदांत!

हे काम नीट चालतं का, ते बीपीच्या साध्या मशीनवर कळतं. माणसाला ५ मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी मोजायची. मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजायची. वरचा आकडा २० किंवा जास्त, नाहीतर खालचा १० किंवा जास्त उतरला, तर डॉक्टरांना दाखवायचं. समजा, झोपून १३० होता आणि उभं राहिल्यावर १०५ झाला, तर उतार २५ चा. मोजताना कुणीतरी शेजारी उभं राहावं. चक्कर आली तर लगेच झोपवावं.

नाडीही बोलते. दाब उतरला आणि नाडी खूप वाढली, तर अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झालं असेल. जुलाब, ऊन, पाळीत जास्त रक्त जाणं ही त्याची कारणं. दाब उतरूनही नाडी जेमतेम हलली, तर निरोप पोचवणाऱ्या नसा कमजोर झाल्या असतील. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात असं होतं. काही गोळ्यांमुळेही नाडी वाढत नाही, म्हणून चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

चक्कर येते म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही. उठताना आधी कुशीवर वळावं, मिनिटभर बसावं, पाय हलवावेत, मग आधार धरून उभं राहावं. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा शौचाला काळी झाली, तर थेट दवाखाना गाठावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत, घरात कुणाला उठताना चक्कर येते ते एकमेकींना विचारूया आणि उपकेंद्रात नेऊन झोपून-उभं राहून बीपी मोजून घेऊया.